माहेरच्या नावावरचा रिफंड

माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने मला आणि माझ्या हाताखाली काम करणाऱ्या नऊ बायकांना अकरा वर्षं फसवलं. आमच्या मजुरीतून कापला जाणारा कर सरकार दरवर्षी परत देत होतं आणि माझा भाऊ दरवर्षी ते पैसे काढून घेत होता. नातेवाइकांत ही गोष्ट 'बहीणभावात काहीतरी गैरसमज झालाय' अशी सांगितली जाते. गैरसमज कुणाचाही झालेला नाही. मला सगळं नीट समजलंय, आणि त्याला तर माझ्या अकरा वर्षं आधीपासून समजत होतं.

साकीनाक्याला एका गाळ्यात दाराच्या बिजागऱ्या आणि कड्या बनतात. प्रत्येक बिजागरीबरोबर स्क्रूची एक पुडी द्यावी लागते. ती पुडी भरून द्यायचं काम मी घेते. माल गोणीतून टेंपोने मानखुर्दला जातो, तिथे बायका घरात बसून पुड्या भरतात आणि टेंपो भरलेला माल परत आणतो. सुरुवातीला आम्ही मेणबत्तीच्या ज्योतीवर प्लास्टिकचं तोंड चिकटवायचो, धार गेलेल्या करवतीच्या पात्याला लावून. बोटं भाजायची. मग मी गाळ्याच्या शेठशी भांडून दोन सीलिंग मशिनं काढली. शेठ म्हणाला, "मशीन देतो, पण पुडीमागे पाच पैसे कमी." मी म्हटलं, "मशिनाने तुझी पुडी सरळ बंद होते, गिऱ्हाईक परत आणत नाही. पाच पैसे तू वाढव." शेवटी तो दोन पैसे वाढवून मोकळा झाला. मी अशीच आहे. मला कुणी भाव सांगितला की आधी राग येतो आणि मग हिशेब सुचतो.

त्या नऊ बायकांकडे धड कागद नव्हते. एकीचं रेशनकार्ड गावाला सासऱ्याच्या नावावर. एकीची झोपडी तोडली तेव्हा कागदांची पेटीच गेली. एकीच्या आधारवर ती स्वतःच्या मुलापेक्षा चार वर्षांनीच मोठी. पॅनकार्ड तर कुणाकडेच नव्हतं. शेठला एक नाव, एक पॅन आणि एक बिल लागतं. म्हणून सगळ्यांच्या कामाचं बिल माझ्या नावाने जायचं, आणि त्यातून शंभराला एक रुपया कर कापून उरलेले माझ्या घाटकोपरच्या खात्यात यायचे. कागदावर बघाल तर नऊ बायकांची कमाई माझी एकटीची होती आणि त्या बायका कुठेच नव्हत्या.

रुपया कापला जातो हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चोरून कापलेला नाही. त्यांच्यात सगळ्यात मोठी एक बाई आहे, मूळची जालन्याकडची, आम्ही सगळ्या तिला मावशी म्हणतो. तिने हातातली पुडी बाजूला ठेवली.

"सरकारला आमचं नाव ठावं न्हाई, आन् आमचा रुपया बरा ठावा?"

"माझ्या नावावर जातो, मावशी."

"मंग तुझ्या नावावर परत येत असंल."

"सरकारला गेलेलं परत येतं होय?" मी म्हटलं.

ते वाक्य माझं नव्हतं. ते माझ्या भावाचं होतं.

भाऊ अंधेरीला एका ऑफिसात हिशेब बघतो आणि बाजूला लोकांची रिटर्न भरून देतो. त्याला बी.कॉम. मी केलं. वडिलांची गिरणी गेली तेव्हा मी एका एक्स्पोर्टच्या ऑफिसात चिकटले. माझ्या पगारातून त्याची फी जायची आणि त्याच पगारासाठी माझं पॅनकार्ड निघालं. बँकेत खातंही तेव्हाच उघडलं, मुलुंडला, माझं आणि त्याचं एकत्र, म्हणजे फीच्या वेळी त्याला माझ्यासाठी थांबायला नको. दोन्हीवर माझं माहेरचं नाव. लग्नानंतर त्या खात्याकडे मी वळूनही बघितलं नाही.

लग्नात सासरच्यांनी ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्याने अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. आमच्यात तशी पद्धत आहे. नुसतं आडनाव बदलत नाही, बाई अख्खीच बदलते. आधार, रेशनकार्ड, घाटकोपरच्या घराची कागदपत्रं, सगळीकडे ते नवं नाव. माहेरच्या नावाने मला फक्त आई हाक मारायची. आई गेली तेव्हा ते नावही तिच्याबरोबर गेलं, असं मी धरून चालले होते. ते मुलुंडला माझ्या भावाच्या मोबाइलमध्ये जिवंत होतं.

शेठने पॅन मागितलं तेव्हा मी भावाला विचारलं होतं, की नवीन नावाचं करून घेऊ का. तो हसला. "ताई, दोन पॅन ठेवलेस तर दंड बसेल. आणि नाव बदलायला किती खेटे घालावे लागतात माहितीय? जुनंच दे. रिटर्न मी भरतो दरवर्षी, तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस."

"काही परत मिळतं का?"

"सरकारला गेलेलं परत येतं होय?"

मी शेठशी दोन पैशांसाठी तास तास भांडणारी बाई, आणि इथे मी दुसरा प्रश्न विचारला नाही. का विचारला नाही, याचं उत्तर सोपं आहे. फी मी भरली होती, तेव्हा त्याला आलेली अक्कल माझीच आहे असं मला वाटायचं.

आणि दर भाऊबीजेला मी मुलुंडला जायची. तो पाटावर बसायचा, मी ओवाळायची, तो ताटात पाकीट टाकायचा. सुरुवातीला पाचशे एक असायचे, नंतर हजार एक, आणि एका वर्षी वर मिक्सर. भावजय म्हणायची, "तुमच्या भावाचा हात मोठा आहे हं, ताई." मी ते पाकीट देवाजवळ ठेवायची. मानखुर्दला जाऊन त्या मिक्सरचं कौतुक सांगितल्याचंही मला आठवतं. मावशी म्हणाली होती, "नशीबवान हायेस."

मग एका बिलात शंभराला एकाऐवजी वीस कापून आले.

मी साकीनाक्याला गेले ती भांडायच्या तयारीनेच. शेठच्या हिशेबनिसाने खुर्चीसुद्धा दिली नाही, कारण मी खुर्चीवर बसून भांडत नाही हे त्याला ठाऊक होतं.

"वीस कुणाच्या बापाचे कापलेत?"

"सरकारच्या," तो म्हणाला. "तुमचं पॅन बंद पडलंय, ताई. आधारला जोडलेलं नाही. पॅन बंद तर वीस टक्के. माझ्या हातात काय?"

"जोडलेलं का नाही?"

"ते मला विचारता? आधारवर एक बाई, पॅनवर दुसरी बाई. मशीन म्हणतं या दोघी वेगळ्या आहेत. तुमचं रिटर्न भरतं कोण? त्याने नाही सांगितलं?"

त्याने नव्हतं सांगितलं. शेवटची तारीख गेली, दंड भरून जोडायची मुदतही गेली, माझा भाऊ त्या दिवसांत दुसऱ्यांची पॅन जोडून देत होता आणि गप्प होता. तेव्हा मला वाटलं विसरला असेल. आता कळतं. नाव दुरुस्त करायचं तर मला सोबत न्यावं लागलं असतं, आणि मला सोबत नेलं असतं तर मला दिसलं असतं.

त्या महिन्याचे वीस मी माझ्या खिशातून भरले. पुढच्या बिलालाही वीस गेले आणि तेव्हा माझ्याकडे भरायला काही नव्हतं. मी मानखुर्दला जाऊन सांगितलं की यावेळी प्रत्येकीच्या शंभरातले ऐंशीच मिळतील. कुणी ओरडलं नाही. एकजण एवढंच म्हणाली, "एकाचे वीस झाले. पुढच्या महिन्यात पन्नास होतील का गं?" आणि मावशीने गोणीचं तोंड बांधलं.

"सरकारच्या नावानं तूच खातीस," ती म्हणाली.

मावशीने अकरा वर्षं माझ्यासाठी स्क्रू मोजले, आणि तिने ते शांतपणे म्हटलं. त्या आठवड्यात सात जणींनी दुसरीकडून माल घ्यायला सुरुवात केली, गोवंडीच्या एका ठेकेदाराकडून, आमच्यापेक्षा कमी भावाने. कमी भाव चालेल, पण माझ्याकडचं काम नको. त्या महिन्यात माझं जे नुकसान झालं ते मी मोजू शकते. हे मोजू शकत नाही.

पॅन चालू करायला मी घाटकोपरला एका कर सल्लागार मुलीकडे गेले. भावाकडे गेले नाही, कारण त्याने तीन वेळा सांगितलं होतं, "करतो गं, करतो." मुलीने माझं जुनं पॅनकार्ड बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कॉम्प्युटरवर माझं खातं उघडायला घेतलं.

"ओटीपी आला असेल, सांगा."

माझ्या मोबाइलवर काही आलं नव्हतं.

"तुमचा नंबर दिलेलाच नाही इथे. शेवटचे आकडे हे आहेत, ओळखीचे वाटतात का?"

मी आकडे बघितले. तेवढ्यात माझा फोन वाजला. भाऊ होता. एरवी मी पाच वेळा फोन करायची तेव्हा एकदा उचलायचा.

"ताई, कुठे आहेस तू आत्ता?"

"का?"

"नाही, असंच. कुणीतरी तुझं खातं उघडायला बघतंय. फ्रॉड असेल. तू कुणाला काही दिलंस का?"

"मीच उघडतेय. तुझ्याकडे नंबर आलाय ना, तो सांग."

तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"नंबर सांग रे."

"ताई, तू घरी जा. त्या लोकांना काही कळत नाही, तुझी उगाच वाट लावतील. मी रविवारी येऊन सगळं करून देतो."

"सहा आकडे आहेत. रविवार कशाला लागतो?"

त्याने फोन ठेवला. मी आयुष्यात शेकडो लोकांशी भाव केलाय. समोरचा फोन कधी ठेवतो ते मला कळतं. समोर बसलेली मुलगी म्हणाली, "पॅनबरोबर जे बँक खातं आहे ना, तिथे एकदा जाऊन या." मी दुसऱ्याच दिवशी मुलुंडच्या त्या जुन्या शाखेत गेले. पॅनकार्डावर माझा तरुणपणीचा फोटो होता. बँकेतल्या बाईने तो आणि मी ताडून बघितलं आणि खात्याचा उतारा काढून दिला. दरवर्षी एक रक्कम आयकर खात्याकडून आली होती, बहुतेक दिवाळीच्या आधी. आणि आठवड्याच्या आत एटीएममधून गेली होती. त्याच्याच घराजवळच्या एटीएममधून.

सगळा कापलेला कर परत येत होता. नऊ जणींची मजुरी वजा केली तर माझं उत्पन्न कर लागण्याएवढं कधी नव्हतंच. शंभरातला तो एक रुपया सरकारने ठेवून घेतलाच नाही. आणि दिवाळीच्या आधी तो उचलून, त्यातलेच हजार एक, मला ओवाळणीत.

मी मानखुर्दला जाऊन जसं झालं तसं सांगितलं. मावशीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता भावावर ढकलतीस."

मी म्हटलं, "भाऊबीजेला चला माझ्याबरोबर. त्याच्या तोंडून ऐका. तो नाही म्हणाला तर मी तुम्हाला पुन्हा तोंड दाखवणार नाही."

पाचजणी आल्या. मालाचाच टेंपो आम्हाला मुलुंडला घेऊन गेला. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने विचारलं, कुणाकडे, काय काम. मी म्हटलं, भाऊबीज. त्याने माझ्या मागच्या पाचजणींकडे बघितलं आणि विचारलं, "या सगळ्या बहिणी?" मावशी म्हणाली, "व्हय, कमावत्या."

भाऊ पाटावर बसलेलाच होता, नवीन झब्बा घालून. दार भावजयीने उघडलं आणि तिच्या तोंडातलं "या" तिथेच थांबलं. मी आत गेले, ताट घेतलं, त्याला कुंकू लावलं, सुपारीने ओवाळलं, दिव्याने ओवाळलं. रीतीत काही कमी ठेवलं नाही. त्याने पाकीट टाकलं. मग मावशी पुढे झाली आणि माझ्या हातातलं ताट घेतलं.

"अहो, या कोण?" भावजयीने त्याला विचारलं.

त्याच्याऐवजी मावशीच बोलली. "आमच्यात ही भाऊबीज न्हाई, बाई. पर ह्यो आमच्या कमाईतनं दरसाल ओवाळणी घालतोय म्हणं. म्हणलं, भावाचं तोंड तरी एकदा बघावं."

तो उठायला लागला. मी म्हटलं, "बस. दिवा जळतोय."

"ताई, काय लावलंयस हे? आत ये, आपण बोलू."

"आत नाही. यांना सांग, रिफंड येत होता की नव्हता."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग बायकोकडे, मग दाराकडे. दार उघडं होतं आणि समोरच्या फ्लॅटमधले काका चपला घालायच्या निमित्ताने बराच वेळ वाकून उभे होते.

"येत होता," तो म्हणाला. "पण कायद्याने तो तुझा होता. यांचा काय संबंध? यांचं तर नावच नाही कुठे."

"माझा होता तर तुझ्याकडे कसा?"

"घरातल्या घरात आहे ना. आईच्या आजारपणात खर्च नाही झाला?"

"आईची औषधं मी आणत होते. तुला दुकानदाराचं तोंडही माहीत नाही."

"तू काय मला कोर्टात नेणार आहेस? ज्या नावाने पैसे आले त्या नावाची बाई तरी आहे का आता?"

माझ्या हाताची पाचही बोटं त्याच्या गालाकडे निघाली होती. मावशीने माझं मनगट धरलं. भावजयीला काय सुचलं कुणास ठाऊक, ती आत जाऊन पर्स घेऊन आली आणि एकेकीच्या हातात शंभराची नोट ठेवायला लागली. मावशीने आपली नोट त्याच्या पाटाच्या कडेला ठेवली. बाकीच्या चौघींनी तिच्यावर तशाच ठेवल्या.

"ओवाळणी नगं," मावशी म्हणाली. "मजुरी पायजे."

आम्ही निघालो. मी माझं पाकीटही तिथेच ठेवलं. मात्र लगेच टेंपोत बसले नाही. त्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांची रिटर्न माझा भाऊ भरतो हे मला ठाऊक होतं. दिवाळीचा दिवस, लोक येत-जात होते. मी गेटपाशी उभी राहिले आणि ओळखीच्या प्रत्येकाला एकच गोष्ट विचारली, "तुमच्या रिफंडचा मेसेज तुमच्या मोबाइलवर येतो की त्याच्या?" दुसरा एक शब्द बोलले नाही. काहींनी हसून टाळलं. काहींनी खिशातून मोबाइल काढला. समोरच्या काकांनी तर तिथेच उभं राहून मुलाला फोन लावला. यंदा त्याच्याकडे रिटर्नला किती थोडे जण गेले ते मला भावजयीच्या बहिणीकडून कळलं, आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. मी हे लपवत नाही.

परतताना टेंपोत एकजण म्हणाली, "ताई, पाटावर बसलेला तुझा भाऊ अगदी पोलिसाने बसवल्यासारखा दिसत होता ना." सगळ्या हसल्या. मावशी हसली नाही. ती उतरताना म्हणाली, "सोमवारी माल धाड. सात जणी परत येतील, मी सांगते. पर ह्यापुढं रुपया तुझ्या माहेरच्या नावावर न्हाई जायचा."

तो जात नाही. मी राजपत्रात नाव छापून घेतलं, या नावाची बाई आणि त्या नावाची बाई एकच आहे म्हणून. पॅन नव्या नावाचं झालं, मोबाइल माझा, खातं माझं. वीस टक्क्यांनी गेलेले पैसे सरकारकडे अडकलेत. त्यांचं रिटर्न भरलंय, अजून वाट बघतेय. ते आले की पुड्यांच्या हिशेबाने वाटले जातील. दोन बायकांची पॅनकार्डंही काढली. त्यांच्या नावाने पहिलं वेगळं बिल गेलं तेव्हा शेठ कुरकुरला, "आता तीन तीन बिलं?" मी म्हटलं, "तीन चेकवर सही करायला जास्त शाई लागते का?"

भावाने एक पैसा परत केलेला नाही. मध्यंतरी मामांनी फोन केला. "तो अर्धे द्यायला तयार आहे. घे आणि विषय मिटव. माहेर एकच असतं." अर्धे. मी आयुष्यभर भाव केला. शेठशी केला, टेंपोवाल्याशी केला, घराच्या दलालाशी केला, आणि कुठे थांबायचं ते मला नेहमी कळलं. इथे मी भाव करणार नाही. हे पैसे माझे एकटीचे असते तर कदाचित केला असता, आणि हे त्याला पुरतं ठाऊक आहे, म्हणून तो माझ्याशीच बोलायला बघतो.

त्याने माझ्याशी बोलू नये. त्याने मानखुर्दला यावं. त्याला तिथे पाट मिळणार नाही, गोणीवर बसावं लागेल. मावशी समोर असेल, बाकीच्या आठजणी असतील, स्क्रू भरायचं काम चालूच असेल, कारण त्याच्यासाठी मजुरी बुडवायला कुणी तयार नाही. तिथे त्याने त्या बायकांकडे बघून पुन्हा म्हणावं की यांचं नावच नाही कुठे. आणि मग सांगावं, ज्यांचं नाव नव्हतं त्यांचा रुपया उचलताना त्याला तो कुणाचा वाटला होता. हे त्याला नऊ वेळा सांगावं लागेल, प्रत्येकीला वेगळं. मी जागा करून ठेवली आहे.